गावाची रात्रगस्त: ग्रामसुरक्षा दल उभं करायचं आणि टिकवायचं कसं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला शिवारात सोयाबीनच्या गंज्या लागतात, कापूस घरात येऊ लागतो, ऊसतोडीला निघालेल्या घरांना कुलपं पडतात. अशात एका रात्री चार घरं फुटली की दुसऱ्या दिवशी गावात दल उभं राहतं. पहिला आठवडा निम्मं गाव जागतं. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा जण उरतात आणि महिन्याभरात काठ्या परत कोपऱ्यात जातात. गाव आळशी असतं म्हणून हे होत नाही. दलाला काम नेमकं काय, हेच कुणी ठरवलेलं नसतं. चोर पकडायला म्हणून निघालेल्या माणसाला महिनाभर चोर दिसला नाही की तो कंटाळणारच. गस्तीचं काम तीन गोष्टींचं आहे: चोराला निवांत वेळ मिळू द्यायचा नाही, जे वेगळं दिसेल ते वहीत टिपायचं, आणि पोलिसांना लवकर व नेमकं कळवायचं. पकडापकडी यात फार क्वचित येते, आणि आली तरी तिचे नियम कडक आहेत. ते पुढे सांगितले आहेत.

कुठल्या वाटेनं जायचं

पोलिसांना मदत करायच्या वाटा तीन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ ला ते सुरू झालं आणि १९४७ च्या कायद्यानं त्याला आधार मिळाला. यात गणवेश, कवायत आणि बंदोबस्ताचा भत्ता असतो. जिल्ह्यात नोंदणी निघाली की अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. वय २० ते ५०, शिक्षण दहावी पास, उंची पुरुषांना १६२ आणि महिलांना १५० सेंटीमीटर. पुरुषांची छाती न फुगवता ७६ सेंटीमीटर आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त लागते. मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक असते. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा आणि महिलांना ४ किलोचा. बरेच जण मैदानावर नाही, कागदावर अडकतात. तुम्ही ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहता तिथलीच जागा भरता येते. चारित्र्य पडताळणीचा दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो. खासगी नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्रही जोडावं लागतं.

होमगार्ड ही कायमची नोकरी नाही, बंदोबस्त लागेल तेव्हा बोलावणं येतं. ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयानं दिवसाचा कर्तव्य भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला, पण तो ड्युटीच्या दिवसांपुरताच. वर्षभर त्यावर घर चालेल असं धरून कुणी सालाचं काम सोडू नये. तीन वर्षं सेवा झालेल्यांना पोलीस, वन आणि अग्निशमन भरतीत ५ टक्के आरक्षण आहे. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ही वाट त्यासाठी उपयोगी पडते.

दुसरी वाट विशेष पोलीस अधिकाऱ्याची. दंगल किंवा मोठ्या गडबडीची भीती असेल तेव्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २१ खाली लेखी आदेशानं अशी नेमणूक होते. ती ठराविक प्रसंगापुरती असते आणि लेखी आदेश हातात नसेल तर ती झालेलीच नसते. गणपतीत ठाण्यात बोलावून टोपी आणि शिट्टी दिली म्हणजे आपण अधिकारी झालो असं नाही. ते पोलीस मित्राचं काम, म्हणजे गर्दीला वाट दाखवणं आणि हरवलेलं लेकरू मांडवाच्या माइकपर्यंत नेणं.

तिसरी वाट ग्रामसुरक्षा दलाची, आणि गावाला रोज कामाला येते ती हीच. पुढचं सगळं तिच्याविषयी आहे.

दल कागदावर आधी, रस्त्यावर नंतर

ग्रामसभा १५ ऑगस्टला असते. दलाचा ठराव तिथेच घ्या. सप्टेंबरात ओळखपत्रं आणि टॉर्च होतात, आणि सोयाबीन काढणीच्या आत गस्त सुरू होते. चोरी झाल्यावर बोलावलेल्या सभेत राग असतो, आणि रागात निवडलेली माणसं चुकीची निघतात.

ठरावाची प्रत, इच्छुकांची यादी, आधारची झेरॉक्स आणि प्रत्येकी दोन फोटो घेऊन पोलीस पाटलांसोबत ठाण्यात जा. आधी बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचं गाव ज्याच्याकडे सोपवलेलं आहे त्या पोलिसाला भेटा, मग प्रभारी अधिकाऱ्यांना. रोजचा संबंध बीट अंमलदाराशीच येणार आहे. त्याला डावलून थेट वर गेलेलं दल पुढे वर्षभर फोनची वाट बघत बसतं. यादीतल्या प्रत्येकाची पूर्वीच्या गुन्ह्यांची पडताळणी ठाण्याकडून करून घ्या. ओळखपत्रावर ठाण्याचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही हवी. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर छापलेलं कार्ड रात्री दोन वाजता दुसऱ्या गावच्या हद्दीत काही कामाचं नसतं.

माणसं किती लागतात? साधा हिशोब करा. अकरा ते दीड आणि दीड ते चार अशा दोन पाळ्या, पाळीला पाच जण, म्हणजे रात्रीला दहा. माणशी आठवड्यातून एकच रात्र यायची असेल तर सत्तर नावं हवीत. गाव लहान असेल तर पाळीला चार धरा, छप्पन नावांत भागतं. यापेक्षा कमी माणसांत रोज गस्त घालायचा हट्ट धरू नका. दर तिसऱ्या रात्री जागणारा माणूस दिवसा शेतात काम करू शकत नाही आणि तो हळूच गळतो. तीसच नावं मिळाली तर आठवड्यातल्या तीन रात्री गस्त घाला, पण कुठल्या तीन ते दर आठवड्याला बदला आणि चावडीवर लिहू नका.

कुणाला घ्यायचं यात खरी कसोटी आहे. गावठाण, तांडा, दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, शिवारातले आखाडे म्हणजे शेतातली घरं, सगळीकडची माणसं हवीत आणि पाळ्यांमध्ये ती मिसळलेली हवीत. एकाच गल्लीतल्या किंवा एकाच पुढाऱ्याच्या पोरांचं दल झालं की बाकीच्या गावाला ती गस्त वाटत नाही, पाळत वाटते. भावकीत बांधाचा वाद चालू असलेल्या दोघांना एका पाळीत टाकू नका. दारू पिऊन आलेल्याला त्या रात्री घरी पाठवा. दुसऱ्यांदा तसाच आला तर यादीतून नाव काढा आणि ठाण्याला कळवून ओळखपत्र परत घ्या. ओळखपत्र परत घ्यायला लोक लाजतात, आणि पुढे त्याच कार्डावर कुणीतरी ढाब्यावर रुबाब करतो.

ज्यांना रात्री फिरणं जमत नाही त्यांनाही काम आहे. रस्त्याकडेच्या घरातली आजी रात्री तीनदा उठते. तिच्या मोबाइलमध्ये गस्तप्रमुखाचा नंबर टाकून द्या. अशी आठ-दहा घरं गावाच्या चारी वाटांवर असली की निम्मी गस्त घरबसल्या होते.

सोबत काय न्यायचं

पाळीला दोन चार्जिंगच्या टॉर्च, प्रत्येकाला शिट्टी, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, एक वही, पेन, आणि पूर्ण चार्ज असलेले निदान दोन मोबाइल. दोन्ही मोबाइल वेगवेगळ्या कंपनीच्या सिमचे हवेत. शिवारात कुठे कुठल्या कंपनीची रेंज मिळते हे दिवसा फिरून बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायात बंद बूट सक्तीचे. पावसाळ्यात आणि त्यानंतर रात्री मण्यार फिरते. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, त्यामुळे माणूस काटा लागला म्हणून झोपतो. पापण्या जड होणं, पोटात कळ, गिळायला त्रास, हे नंतर सुरू होतं आणि तोवर वेळ गेलेला असतो. शंका आली तरी बांधू नका, कापू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस जवळ कुठे असते ते आधीच विचारून ठेवा.

काठी चालते, साधी, खांद्याएवढी. कुऱ्हाड, कोयता, विळा, लोखंडी नळी काही नको. आणि इथे एक फसगत होते: सणावाराच्या किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागतात. ३७ (१) मध्ये काठ्या-लाठ्या बाळगायलाही बंदी असते आणि ३७ (३) मध्ये पाच किंवा जास्त माणसांच्या जमावाला. म्हणजे तुमची पाच जणांची काठीवाली पाळी नेमकी त्यात बसते. आदेश लागल्याचं कळताच ठाण्यात विचारा आणि ते सांगतील तसंच फिरा.

टॉर्च आणि जाकिटांचा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून ठरावानं होतो. घरटी वर्गणी गोळा करू नका. कुणी दिली, कुणी नाही, यावरून गस्तीची घरं ठरायला लागतात.

फिरायचं कसं

बाहेर पडण्याआधी हजेरी घ्या, वेळ लिहा आणि बीट अंमलदाराला किंवा ठाणे अंमलदाराला ‘अमुक गावची गस्त सुरू, इतके जण’ एवढा निरोप द्या. रात्रीच्या पोलीस गाडीला तुम्ही कोण हे माहीत असायला हवं. अंधारात दोन गस्ती समोरासमोर आल्या आणि एकमेकींना चोर समजल्या, असं होऊ नये.

पाच जणांनी एका ओळीत गप्पा मारत चालू नये. दोघं पुढे, तिघं वीस-पंचवीस पावलं मागे. टॉर्च सतत चालू ठेवली तर तुम्हाला फक्त तिच्या झोतातलं दिसतं आणि तुम्ही मात्र सगळ्या शिवाराला दिसता. शंभर-दीडशे पावलांवर थांबा, टॉर्च बंद करा, दोन मिनिटं नुसतं ऐका. कुत्री कुठल्या बाजूला भुंकतात, कुठून भुंकणं सरकत पुढे चाललंय, मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला पण पुन्हा सुरू झाल्याचा आला नाही, हे असंच कळतं.

‘जागते रहो’च्या आरोळ्यांवर गावात नेहमी दोन मतं असतात. आरोळीनं चोराला कळतं की गस्त आता कुठे आहे, म्हणजे ती कुठे नाही हेही कळतं. पाळीच्या सुरुवातीला गावठाणातून एक आवाजी फेरी मारा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना धीर येतो. नंतरच्या फेऱ्या मुकाट्यानं. शिट्टी राखून ठेवा: एक लांब शिट्टी म्हणजे ‘इकडे या’, तीन छोट्या म्हणजे ‘मदत हवी, फोन लावा’. एरवी कुणी वाजवायची नाही.

वाटेवर चार-पाच ठिकाणं पक्की करा: मारुतीचं देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा, डीपी म्हणजे विजेचं रोहित्र, बँकेची शाखा किंवा एटीएम, सोनाराचं दुकान. प्रत्येक ठिकाणी रात्रीतून निदान दोनदा जायचं, पण क्रम आणि वेळ रोज वेगळी. बारा वाजता शाळा, एक वाजता बँक असं ठरलं की आठवड्यात ते बाहेरच्यालाही पाठ होतं. अडीच ते चार ही वेळ सगळ्यात कच्ची, कारण दुसरी पाळी तेव्हा चहाला एका ओट्यावर बसते. चहा घ्या, पण दोन-तीनच्या गटात आलटून पालटून.

शिवारातल्या चोऱ्यांचा वेळ विजेवरून ओळखता येतो. विहिरीवरची केबल आणि स्टार्टर बहुधा तेव्हा जातात जेव्हा शेतीची थ्री-फेज बंद असते, कारण तेव्हा तार मेलेली असते आणि शेतकरीही घरी असतो. शेती फिडरचं त्या आठवड्याचं वेळापत्रक वहीत चिकटवा. लाइट रात्री असेल तर शिवार जागं असतं आणि गस्तीनं गावठाण बघावं. लाइट दिवसा असेल तर रात्रीची एक फेरी विहिरींच्या वाटेनं काढा. सगळं गाव आणि शेजारची गावंही अंधारात गेली तर ते भारनियमन किंवा फिडरचा बिघाड. पण एकाच डीपीवरची घरं एकदम अंधारात गेली आणि बाकी गावात उजेड असेल, तर त्या डीपीकडे लांबून टॉर्च मारून बघा. तांब्यासाठी रोहित्र फोडणारे असेच येतात. जवळ जाऊ नका, खांबाला किंवा सांडलेल्या ऑइलला हात लावू नका. तार खाली पडलेली असू शकते. आधी पोलिसांना ११२, मग महावितरणला १९१२.

बिबट्या दिसला किंवा ठसे दिसले तर ती गस्त तिथेच थांबवायची. सगळ्यांनी मिळून, बोलत, परत फिरायचं आणि वन विभागाला १९२६ वर कळवायचं. उसात टॉर्च मारत शिरणं हा मूर्खपणा आहे.

अनोळखी माणूस भेटला तर

हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि दलं इथेच बिघडतात.

आधी रात्री कोण कोण फिरतं ते डोक्यात असू द्या. पाणी द्यायला निघालेला शेतकरी, आखाड्यावरचा सालगडी, कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोडीच्या बैलगाड्या, उशिराच्या एसटीनं उतरलेला पाव्हणा, रेल्वेला निघालेलं कुटुंब, पायी दिंडीत मागे पडलेले लोक. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, त्यामुळे गुढीपाडव्यानंतर शिवारात नवे चेहरे दिसणारच. मालकानं सालगड्याचं नाव-गाव पोलीस पाटलाकडे आठवड्यात लिहून द्यावं, एवढी पद्धत पाडली तरी निम्मे गैरसमज मिटतात.

गावाबाहेर भटक्या कुटुंबांची पालं पडली असतील तर दिवसा पोलीस पाटलानं एकदा जाऊन नावं लिहून घ्यावीत. रात्री पालात शिरायचं नाही. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. जात ऐकून संशय घेणारी गस्त त्या कायद्याचंच काम पुढे चालवते.

आता माणूस समोर आला. दोघांनीच बोलायचं, बाकीच्यांनी दहा पावलं मागे थांबायचं. टॉर्च तोंडावर मारू नका, पायाकडे धरा. “राम राम पाव्हणं, कुणाकडं निघालात?” एवढ्यानं सुरुवात होते. नाव, गाव, कुणाकडे, बस्स. ज्याच्याकडे निघाला त्याला फोन लावला की दोन मिनिटांत उलगडा होतो आणि मग त्याला घरापर्यंत सोडून या. उत्तर पटलं नाही तर? वेळ, वर्णन, कपडे, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेला गेला हे लिहा आणि पोलिसांना फोन करा. झडती घ्यायचा, मोबाइल बघायचा, आधार मागायचा, पिशवी उघडायचा अधिकार दलाला नाही. त्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही. सकाळी तो कुणाचा तरी मेहुणा निघतो आणि व्हिडिओ तोवर तालुकाभर फिरलेला असतो.

एकटी बाई किंवा बाई आणि पुरुष जोडीनं असतील तर त्यांना अडवून चौकशा करू नका. मदत हवी का, एवढंच विचारा. कोण कुणाबरोबर फिरतंय हे बघणं दलाच्या कामात येत नाही.

गाड्या अडवू नका. रस्त्यावर ओंडका, बैलगाडी किंवा दोरी आडवी लावून नाकाबंदी केली आणि त्यावर मोटारसायकल आदळली, तर गुन्हा तुमच्यावर लागेल. नंबर टिपा, अंधारात पूर्ण दिसला नाही तर शेवटचे चार आकडे, गाडीचा रंग आणि तिचा काही खास आवाज. जनावरं भरलेला टेम्पो, वाळूचा हायवा यांच्याही बाबतीत हेच. वाळूच्या गाडीसमोर उभं राहणं जिवावर बेतू शकतं. ते काम महसूल आणि पोलिसांचं, तुम्ही लांबून फोन करा.

चोरी करतानाच सापडला तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार साध्या नागरिकालाही पकडता येतं, पण अटी आहेत. गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) हवा. घरफोडी, दरोडा यात बसतात. किरकोळ चोरी बसेलच असं नाही. ‘हाच तो असणार’ या अंदाजावर पकडता येत नाही. पकडल्यावर विनाविलंब, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सकाळी पंचायत बसवून मग बघू, हे चालत नाही.

व्यवहारात असं करा: पळत असेल तर पळू द्या, दिशा बघा, फोन करा. चोराच्या हातात काय आहे हे अंधारात दिसत नाही, आणि एका मोटरीच्या केबलसाठी कुणाच्या घरचा कर्ता माणूस जाऊ नये. हाती लागलाच तर खाली बसवा, सगळे मिळून घेरून उभे राहा, पाणी द्या, ११२ लावा. पकडल्याची वेळ वहीत लिहा. गाव जमा होण्याआधी त्याला बंद खोलीत, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, दोन शांत माणसांसोबत बसवा. जमाव आला की पहिली थोबाडीत कुणी मारली ते कळत नाही, आणि मग ती शेवटची राहत नाही.

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे होते आणि पोट भरायला फिरत होते. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे, आणि ती त्या जमावातल्या प्रत्येकाला लागू होते. दलाच्या पहिल्याच बैठकीत हे वाचून दाखवा.

अफवेला दलानं पाय फोडायचे नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगरच्या गावांत रात्री ड्रोन फिरल्याच्या चर्चा होत्या आणि ड्रोन दिसला की चोर येतात असा समज पसरला. असं काही दिसलं तर वेळ, दिशा, किती दिवे, किती वेळ हे टिपून ठाण्याला कळवा. ग्रुपवर ‘सावध राहा’ म्हणून फॉरवर्ड करायचं असेल तर आधी बीट अंमलदाराला विचारा. दलाचा ग्रुप फक्त ॲडमिननं लिहायचा ठेवा आणि ॲडमिन पोलीस पाटील असू द्या.

फोन कसा करायचा

११२ चा फोन नियंत्रण कक्षात जातो आणि मोबाइलवरून कळणारं ठिकाण अंदाजे असतं. पिंपळगाव, वडगाव, टाकळी एकेका जिल्ह्यात कितीतरी आहेत. म्हणून आधी तालुका, मग गाव, मग जवळचं मोठं गाव किंवा फाटा, मग काय घडतंय: “गेवराई तालुका, अमुक फाट्यापासून आत तीन किलोमीटर, गावाच्या पूर्वेला शाळेमागे, घरफोडी चालू आहे, चार जण, पांढरी जीप.” नाव सांगा, फोन बंद करू नका आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा. पोलीस गाडी गावात वाट चुकण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

ग्रामसुरक्षा यंत्रणेत गाव नोंदलेलं असेल तर १८०० २७० ३६०० वर केलेला फोन तुमच्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो. त्यासाठी घरोघरचे नंबर आधी नोंदवावे लागतात. ते काम एका पोराकडे द्या. यावर किरकोळ गोष्टी सांगितल्या की लोक फोन उचलेनासे होतात. आग, दरोडा, हरवलेलं मूल, पूर, एवढ्यासाठीच तो वापरा.

चोरी होऊन गेली असेल तर

घरात कुणी शिरू नये. कुलूप, पहार, कपाटाचा दरवाजा, चोरानं टाकून दिलेली बाटली, कशालाही हात नको. अंगणात बुटाचा किंवा टायरचा ठसा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला. श्वान पथक यायच्या आधी निम्मं गाव त्या वाटेवरून चालून गेलं की कुत्रं काय करणार? सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, बंद करू नका. त्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ यांतला फरक लिहून ठेवा, तो दहा-वीस मिनिटांचाही निघतो आणि पुढे तपासात घोळ करतो. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून पेट्रोल पंपाचं, दूध डेअरीचं फुटेज लगेच राखायला सांगा.

पंच म्हणून बोलावलं तर जा. पंचनामा पूर्ण वाचा, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यालाच सही करा. कोऱ्या कागदावर सही नको.

चोरीचा माल सापडूनही मालकाला मिळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: ओळख पटत नाही. दलानं उन्हाळ्यात एक काम करावं, घरोघर जाऊन मोटरीवर अक्षरं ठोकायच्या लोखंडी पंचनं मालकाचं नाव उमटवून द्यावं, मोटर आणि सोलर पंपाच्या नंबरपट्टीचा फोटो काढावा, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे लिहून घ्यावेत. एवढी वही असली की गस्तीपेक्षाही जास्त माल परत येतो.

वही आणि वर्षाचं चक्र

वहीतली नोंद अशी हवी: “१२ नोव्हें., १.४०, शाळेमागचा रस्ता, विनानंबर काळी मोटारसायकल, दोघं, कारखाना रोडकडे गेले, १.४५ ला बीटला कळवलं.” ‘सर्व ठीक’ असं महिनाभर लिहिलेली वही म्हणजे न घातलेली गस्त. दर पंधरा दिवसांनी वही बीट अंमलदाराला दाखवा आणि सही घ्या. शेजारच्या तीन-चार गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या की एकच गाडी वेगवेगळ्या रात्री कुठे कुठे दिसली ते उघड होतं.

वर्षभर सारखी गस्त लागत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी गंज्या, कापूस आणि ऊसतोडीची बंद घरं, तेव्हा पूर्ण ताकद लावा. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडून निघायच्या दिवशी कुलूप लावलेल्या घराची नोंद घ्या, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे फोन लिहा. तांड्यावरची अशी घरं गस्तीत आधी यायला हवीत, आणि एरवी ती शेवटी येतात. एप्रिल-मे मध्ये लोक गच्चीवर झोपतात आणि खालचं दार नुसतं ओढलेलं असतं. तेव्हा गस्तीनं दारं बघत जावं आणि सकाळी घरमालकाला सांगावं. बाकीच्या काळात आठवड्याला दोन रात्री पुरतात.

लातूर, धाराशिवकडच्या गावांना एक दिवस जास्त धरावा लागतो, तो रात्रीचा नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, अख्खं गाव शेतात जातं आणि दुपारी गावठाणात चिटपाखरू नसतं. त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दोन पाळ्या ठेवा, चारी वाटांवर प्रत्येकी दोघं. त्यांच्या वाटची आंबील आणि भज्जी शेतातून कोण आणून देणार, हे आदल्या दिवशीच ठरवा, नाहीतर बारा वाजता पाळीवर कुणी राहत नाही.